टीव्ही भिंतीवर की टेबलावर, साउंडबार की पाच स्पीकर: कापूस भरणाऱ्या घरासाठी

दिवाळीनंतर समोरच्या खोलीत कापूस भरायचा आणि भाव येईपर्यंत तो तिथंच ठेवायचा, ही विदर्भातल्या कितीतरी घरांची रीत. तो विकून खोली मोकळी होते न होते तोच खिडकीला कूलर लागतो. पावसाळ्यात ओसरीतलं सामान आत येतं. बैठकीची मांडणी अशी वर्षातून तीनदा बदलते आणि टीव्ही लावणारा मुलगा मात्र एकदाच येतो, मोकळी भिंत बघतो, चार भोकं पाडून जातो. ४३ इंची टीव्ही आणि सोबत आवाजाची सिस्टीम घ्यायची असेल, तर आधी खोलीचं वर्षभराचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा.

भिंत की टेबल?

४३ इंची टीव्ही साधारण ७ ते १० किलोचा. एवढं वजन कुठलीही भिंत पेलते. प्रश्न पकडीचा आहे. प्लास्टर धरत नाही, गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा प्लास्टिकचा प्लग) विटेत जायला हवी. त्यासाठी ८ मिमीचं बिट, ६० ते ६५ मिमी खोल भोक आणि तेवढाच लांब स्क्रू. सोबत मिळणारे आखूड स्क्रू जाड प्लास्टरमध्येच संपतात. ड्रिल करताना लाल भुकटी आली तर तुम्ही विटेत आहात. बिट एकदम आत घुसलं आणि काळी-पिवळी माती गळायला लागली, तर भिंत वरून सिमेंटची आणि आतून मातीच्या जुडाईची आहे. खेड्यात अशी घरं भरपूर. अशा भिंतीत गिट्टी सुरुवातीला घट्ट वाटते, पण पावसाळ्यात ओल चढली की ढिली पडते. तिथं टेबलच घ्या, त्यात कमीपणा नाही. पुढे ओढून वळवायचा हाताचा स्टँड तर अशा भिंतीला अजिबात नको, कारण टीव्ही जितका पुढे येईल तितका वरच्या दोन स्क्रूंवर ताण वाढतो.

भिंत पक्की असली तरी उंची चुकते. लोखंडी कपाट आणि पलंग सोडून जी जागा उरते ती पाच-सहा फुटांवर, मग टीव्ही तिथंच चढतो आणि घरची माणसं मान वर करून मालिका बघतात. सतरंजीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अंदाजे अडीच फुटांवर येतात, दिवाणावर बसलेल्याचे पावणेचार फुटांवर. स्क्रीनचा मध्य या दोन्हींच्या दरम्यान हवा. दोन फूट उंचीच्या टेबलावर ४३ इंची टीव्ही ठेवला की मध्य आपोआप सव्वातीन फुटांच्या आसपास येतो. मोजपट्टी न लावताही टेबल जिंकतं ते इथं. फक्त टीव्हीच्या दोन पायांमधलं अंतर मोजून मगच टेबल आणा. पाय दोन टोकांना असतात आणि जुन्या टीव्हीचं टेबल बहुधा तोकडं पडतं. घरात लहान मूल असेल तर टीव्हीच्या मागच्या भोकांत स्क्रूनं पट्टा बसवून तो टेबलालाच आवळा.

कापसाच्या बाबतीत टेबलाचा फायदा उघड आहे: टीव्ही उचलला आणि मधल्या खोलीत नेला. भिंतीवरचा टीव्ही तिथंच राहतो, कापसाचे बारीक तंतू मागच्या जाळीत बसतात आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. कापूस असलेल्या खोलीत एक्स्टेन्शन बोर्ड तर ठेवूच नका. ढिला प्लग तापतो, ठिणगी टाकतो, आणि कापसाला तेवढं पुरतं.

स्लॅबचं घर, पक्की भिंत, कापूस वेगळ्या गोदामात आणि दिवाण हलणार नाही, एवढं सगळं जुळत असेल तर भिंत चांगली. पश्चिमेची भिंत मात्र टाळा. मे महिन्यात ती रात्रीपर्यंत तापलेली राहते. कूलरची खिडकी आणि समोरचं उघडं दार यांच्या सरळ रेषेतही टीव्ही नको, ओला झोत थेट त्यावर येतो. दाराच्या समोरची भिंतही नको, दिवसभर स्क्रीनवर अंगणच दिसतं. या तिन्ही अटी लावल्या की बहुतेक घरांत एकच भिंत उरते. दिवाण आणि कपाट तिच्या हिशोबानं हलवा. डोळे आणि स्क्रीन यांच्यात ६ ते ८ फूट राहू द्या.

साउंडबार की पाच स्पीकर?

तालुक्याच्या दुकानात पाच डबे आणि एक मोठा वूफर असलेला ‘होम थिएटर’ साउंडबारपेक्षा (टीव्हीखाली ठेवायच्या एका लांबट स्पीकरपेक्षा) स्वस्तात मिळतो आणि खोक्यावर हजारो वॅट लिहिलेले असतात. तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचा. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. त्याहून महत्त्वाची गोष्ट मागच्या बाजूला दिसते. तिथं ऑप्टिकल किंवा एचडीएमआय वायरची जागा नसून नुसती लाल-पांढरी पिन असेल, तर टीव्हीकडून येणारा आवाज दोनच बाजूंचा, आणि पाच स्पीकर तोच वाटून घेतात. फ्री डिशवर बातम्या आणि मराठी चॅनल बघणाऱ्याला खरा ५.१ आवाज (पाच स्पीकर आणि एक वूफर, प्रत्येकाला वेगळा आवाज) मिळणारच नाही. तो मिळतो ओटीटीवरच्या सिनेमाला, तेही टीव्ही आणि सिस्टीम दोन्ही डॉल्बी डिजिटल (५.१ आवाज पाठवायची पद्धत) घेत असतील तर.

बरं, खऱ्या ५.१ साठी मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे हवेत. १२ बाय १५ च्या खोलीत कडेकडेनं वायर न्यायची तर प्रत्येकी आठ-दहा मीटर लागते. सोबतची बहुधा अपुरी पडते. धान्य असलेल्या घरात उंदीर ती वायर कुरतडतात, म्हणून पट्टीच्या आतून न्या. एवढं करून खोलीत कापूस भरला की मागचे दोन्ही स्पीकर ढिगाखाली.

वूफर कोपऱ्यात ठेवला की दणका वाढतो, टिनाच्या छपराखाली पत्रे आणि ते धरणारे जे-हुक खडखडतात. तो कोपऱ्यापासून दोन-तीन फूट पुढे घ्या, खाली रबरी मॅट टाका. (मुसळधार पावसात टिनाखाली पन्नास हजाराची सिस्टीमही ऐकू येत नाही.)

उन्हाळ्यात कूलरच्या घुंगाटात बुडतात ते संवाद. दणका ऐकू येतच राहतो. त्यामुळे आवाज समोरून, टीव्हीच्या खालून येणारा साउंडबार इथं जास्त कामाचा, मधला वेगळा स्पीकर असलेला ३.१ मिळाला तर उत्तम. जोडणी एका वायरची: टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारा पोर्ट) लिहिलंय त्याच पोर्टला लावा, सेटिंगमध्ये सीईसी (टीव्ही आणि बार एकमेकांना चालवतात ती सोय) चालू करा, आवाजाचं आउटपुट टीव्ही स्पीकरवरून एआरसीवर आणा. ‘बार खराब निघाला’ या तक्रारीत बहुधा यातलंच एक राहिलेलं असतं. आवाज तुटक आला तर आउटपुट पीसीएम (साधा दोन बाजूंचा आवाज) करून बघा. ब्लूटूथ गाण्यांपुरतं ठेवा. त्यावर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

पाच स्पीकर घ्यायचेच असतील तर स्लॅबची वेगळी खोली आणि ओटीटी बघण्याइतकं नेट, दोन्ही हवं. फुल एचडीला तासाला दोन-तीन जीबी जातात, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर एक सिनेमाही पूर्ण होत नाही.

लाइनचं बघायचं तर, कमी व्होल्टेज आजचे एलईडी टीव्ही बरंच सोसतात. मारतं ते डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रलची वायर सुटल्यावर चढणारं व्होल्टेज. स्टॅबिलायझर घेताना त्यात हाय कट-ऑफ (व्होल्टेज चढलं की लाइन तोडणारी सोय) आहे का ते विचारा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवाला होम थिएटर गुरगुरतो. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर (अचानक आलेला व्होल्टेजचा झटका अडवणारा) पूर्ण काम करत नाही. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढाच, आणि सेट टॉप बॉक्समागची छत्रीची वायरही सोडवा. ती राहिली तर वीज छपरावरून थेट बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयनं टीव्हीत उतरू शकते.