आयनॅचरलिस्ट ॲप: वर्षभर प्रजाती नोंदवायच्या असतील तर हेच घ्या

एका वर्षात आपल्या आसपासचे जास्तीत जास्त जीव नोंदवायचे असं मनात असेल तर डोळे झाकून आयनॅचरलिस्ट घ्या, माझ्याकडून पाचपैकी पाच. नुसते पक्षी बघायचे तर ईबर्ड हे पक्षी नोंदवायचं ॲप मस्तच आहे, पण इथे पक्षी, गवत, कोळी, शेवाळ, बुरशी सगळं एकाच यादीत येतं आणि वर्षाचा आकडा वाढतो तो त्यामुळेच. पक्ष्यांच्या जगात मिळून साधारण ११ हजार प्रजाती आणि नाव दिलेले कीटकच १० लाखांच्या आसपास, मग आकडा कुठून येणार ते बघा ना! ओळखीचे पक्षी पटापट होऊन जातात, त्यानंतर भिंतीवर, पानामागे, दगडाखाली बघायला लागतं आणि खरी मजा तिथेच आहे.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मास्टर्सचा प्रोजेक्ट म्हणून हे सुरू केलं, २०२३ पासून ही स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत. फोटो किंवा आवाज टाकायचा, लोकेशन चालू असेल तर तारीख-जागा आपोआप येते, मग ॲप नावं सुचवतं आणि जगभरातली माणसं येऊन आयडी देतात, म्हणजे तो जीव कोणता ते सांगतात. किमान दोघांचं प्रजातीवर एकमत झालं आणि आयडी देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोक त्या नावाच्या बाजूने असले, की नोंद रिसर्च ग्रेड होते, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी.

आता महत्त्वाचं, पहिलं सुचवलेलं नाव दिसलं की लगेच दाबू नका. ते फोटोतल्या साम्यावरून आणि आसपासच्या नोंदींवरून येतं, त्यामुळे खात्री नसेल तर सरळ 'कोळी' किंवा नुसतं कुळ टाका, जाणकार पुढे नेतात. आणि फोटो नीट काढा हो, आयडी देणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं. कोळ्याचा समोरून घ्या, डोळ्यांची मांडणी दिसली की कुळ ठरवणं खूप सोपं होतं. मशरूमचा वरून एक आणि खालच्या पापुद्र्यांचा एक. झाडाचं नुसतं फूल नको, पान फांदीला कसं जोडलंय, पानाची मागची बाजू, खोड, सगळं एकाच नोंदीत टाका.

पतंगांसाठी तर रात्री पांढरी चादर आणि एक दिवा बास आहे, एवढ्या प्रजाती एका जागी बसून दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. पतंग पंख थरथरवायला लागला की समजायचं तो उडायच्या आधी अंग गरम करतोय, फोटो तेवढ्यात उरकायचा. काम झालं की दिवा बंद करा, नाहीतर ते बिचारे रात्रभर तिथेच अडकून पडतात.

कुंडीतली झाडं, प्राणिसंग्रहालयातले प्राणी टाकले तरी 'पाळीव/लावलेलं' अशी खूण करा, ते कॅज्युअलमध्ये, म्हणजे रिसर्च ग्रेड न होणाऱ्या नोंदींत जातं, आणि माझ्या मते वर्षाच्या यादीत ते धरूच नये. धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा ॲप स्वतःच लपवतं, पण घरटं सापडलं तर प्रजाती कितीही साधी असली तरी जागा आपण लपवावी, मी तरी लपवतेच.

बारीक माश्या, गवतं यांच्या नोंदी खूप वेळ नुसत्या पडून राहतात. काहींची प्रजाती मायक्रोस्कोपशिवाय ठरतच नाही, म्हणून फक्त रिसर्च ग्रेड मोजलं तर आकडा कमीच दिसणार, त्यात वाईट वाटायचं काही कारण नाही, कुळापर्यंत पोचलेली नोंदही कामाची असते. लहान मुलांबरोबर करत असाल तर आयनॅचरलिस्टचंच सीक ॲप द्या, अकाउंट लागत नाही, कॅमेरा धरला की ओळखायला लागतं, फक्त माणसांकडून तपासणी त्यात होत नाही.

आणि एक, रिसर्च ग्रेड नोंदी जीबीआयएफ या जागतिक डेटाबेसमध्ये जातात आणि संशोधक तिथून त्या वापरतात, पण लायसन्स 'सर्व हक्क राखीव' असेल तर नोंद तिकडे जातच नाही. तेवढं सेटिंग वर्षाच्या सुरुवातीलाच बघून घ्या.