हृदयातलं लहान छिद्र: थांबायचं, छत्री बसवायची की ओपन हार्ट?

टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘ए.एस.डी. ६ मिमी’, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला ६ मिमीचं छिद्र, असं दिसलं की घरच्यांची नजर त्या ६ वरच अडकते. निर्णय ठरतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींवर: हृदयाची उजवी बाजू फुगली आहे का, आणि छिद्र पडद्यात नेमकं कुठे आहे. रिपोर्टमध्ये हे नसेल तर आधी डॉक्टरांना तेच विचारा. (हे सगळं वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्राबद्दल. खालच्या कप्प्यांमधल्या छिद्राचं, म्हणजे व्ही.एस.डी.चं, गणित वेगळं. तिथे छिद्र लहान तितका स्टेथोस्कोपमधला आवाज मोठा, म्हणून नुसत्या आवाजाला घाबरू नये.)

थांबणं. तान्ह्या बाळातलं ५ मिमीपेक्षा लहान छिद्र बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतं. ८-१० मिमीच्या पुढचं क्वचितच. उजवी बाजू नॉर्मल असेल तर औषध नाही, खेळायला बंदी नाही, फक्त डॉक्टर सांगतील तेव्हा इको. धोका थांबण्यात नाही, इको चुकवण्यात आहे. मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसांवरचा दाब चढतो, आणि तो फार चढल्यावर छिद्र बंद करणंच घातक ठरतं. वजन न वाढणं, वारंवार छातीत कफ, खेळताना लवकर दम लागणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

छत्री. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात आणि निकेल-टायटॅनियमच्या तारांची दुहेरी चकती छिद्राच्या दोन्ही बाजूंना उघडतात. छाती उघडत नाहीत; एक-दोन दिवसांत घरी. अट एकच, पण मोठी: चकतीला धरायला छिद्राभोवती साधारण ५ मिमी कड हवी. कड अपुरी असताना किंवा माप चुकल्यावर छत्री सुटून सरकू शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर तातडीचं ऑपरेशन. म्हणून दुसऱ्या दिवशीचा इको टाळू नका. पुढे साधारण ६ महिने ॲस्पिरिन, आणि तेवढेच महिने दात काढण्याआधी अँटिबायोटिक. निकेलची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

ओपन हार्ट. छिद्र पडद्याच्या अगदी वर किंवा खाली, झडपांजवळ असेल तर छत्रीचा प्रश्नच येत नाही. हार्ट-लंग मशीनवर घेऊन बहुधा हृदयाच्याच आवरणाचा तुकडा शिवतात. साधारण आठवडाभर दवाखाना, छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे, आणि व्रण कायमचा. पण काम पक्कं.

नाशिककरांसाठी: शाळा-अंगणवाडीत तपासणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या उपचारांसाठी पाठवतं, तो कागद घेऊन सिव्हिलला जा. महात्मा फुले योजना कॅशलेस आहे, त्यामुळे मंजुरी ऑपरेशनआधीच हवी. रेशनकार्ड, आधार आणि मूळ इको रिपोर्ट बरोबर ठेवा. दवाखाना मुंबईचा निवडत असाल तर पहिल्या वर्षातले इको नाशिकमध्ये लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञाकडे चालतील का, हे भरती होण्याआधी विचारून घ्या. दर वेळी कसारा घाट उतरायची गरज नसते.