प्रोजेक्टर आठ महिने वापरल्यावर, आणि ज्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी घेतला तिच्याबद्दलही

जून 2024 च्या पहिल्या आठवड्यात नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून हा प्रोजेक्टर घेतला. 17,500 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकाच साच्यातले, वेगवेगळी नावं चिकटवलेले चार-पाच प्रोजेक्टर त्याच फळीवर होते आणि मला जे सांगायचं आहे ते त्या सगळ्यांना लागू पडतं. आता फेब्रुवारी संपत आला. एवढ्या वापरानंतर खात्रीने लिहिता येईल असं वाटलं म्हणून लिहितोय.

मी सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत खेळ शिकवतो आणि सकाळी साडेपाच ते सात वस्तीतल्या पोरांना फुटबॉल. चौदा ते सोळा वयाची एकवीस पोरं, त्यात चार मुली. नागपुरात या खेळाचं वेड नवं नाही. मोमिनपुरा, कामठी, मोतीबागेचं रेल्वेचं मैदान, इथे पिढ्यान्‌पिढ्या खेळ चालू आहे. विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन काम सुरू केलं ते याच शहरात. पण माझी पोरं फुटबॉल बघतात ती फोनवर, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे गोल. पूर्ण नव्वद मिनिटं, वरून दिसणारं अख्खं मैदान, पायात बॉल नसताना खेळाडू कुठे पळतो, हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. ते दाखवायचं म्हणून प्रोजेक्टर. युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, 14 जूनला सुरू होणार होती, विदर्भातल्या शाळा जूनअखेरपर्यंत बंद, म्हणजे रात्री जागायला घरून परवानगी मिळणार. मी पैसे काढले.

आधी उजेडाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. खोक्यावर ठळक अक्षरात 9,000 ल्युमेन. आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात 400 एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेला उजेड. खरा आकडा हा दुसरा. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात कुठलंही चित्र झकास दिसतं, पण नागपुरात जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. युरोचे सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ आणि साडेबाराला होते. साडेसहाच्या सामन्याचा पूर्वार्ध गच्चीवर दिसायचाच नाही. हिरवळ राखाडी आणि बॉल गायब. तो आम्ही खाली खोलीत खिडक्यांना चादरी लावून पाहायचो आणि मध्यंतराला सगळं सामान उचलून वर न्यायचो.

दुसरं, प्रोजेक्टरमधल्याच ॲपवर सामना लावला तर चित्र धूसर यायचं. वाइडवाइन एल1 हे प्रमाणपत्र नसेल तर बहुतेक ॲप 480 रेषांच्या वरचं चित्र देतच नाहीत. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, तुम्ही विचारा. मी नंतर वेगळी स्ट्रीमिंग स्टिक घेऊन एचडीएमआयला लावली तेव्हा कुठे बॉल बॉलसारखा दिसायला लागला. ‘4के सपोर्ट’ म्हणजे 4के चित्र आत घेऊन 1080 मध्ये दाखवतो, तेवढंच. आमच्या कामाला 1080 पुरलं.

पडद्यासाठी पोरांनी प्रत्येकी वीस रुपये काढले. गांधीबागेतून पांढरं पॉपलिन आणलं, एका मुलीच्या आईने दोन पाट जोडून शिवून दिलं. नऊ फुटांवरून शंभर इंची चित्र व्यवस्थित पडतं. आणि कूलर! जूनच्या रात्री नागपुरात कूलरशिवाय वीस माणसं एका खोलीत बसूच शकत नाहीत. झोत पडद्यावर गेला की गोलपोस्ट लाटेसारखं हलतं, आणि ताट्यांमधून येणारी ओली हवा सरळ लेन्सवर आली की थोड्याच वेळात लेन्स वाफ धरते. कूलर बाजूच्या दारात ठेवा, झोत माणसांवर.

पहिला सामना लावला 6 जूनला. कोलकात्यात भारत-कुवेत, सुनील छेत्रीने तेव्हा शेवटचा म्हणून जाहीर केलेला आंतरराष्ट्रीय सामना, 0-0. पाच दिवसांनी दोह्यात कतारकडून 1-2. त्यांच्या पहिल्या गोलाआधी बॉल रेषेबाहेर गेला होता, आमच्या पॉपलिनवरसुद्धा ते दिसलं, पण तिथे व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासण्याची सोय) नव्हतं आणि गोल धरला गेला. वर्ल्डकपच्या पात्रतेतून आपण बाहेर. पोरं काही न बोलता चपला घालायला लागली. मी म्हटलं, ‘‘अरे, चौदा तारखेपासून या. जगातलं उत्तम फुटबॉल दाखवतो.’’ हे वाक्य मला पुढे महिनाभर टोचत राहिलं.

सुरुवात मी म्हटल्यासारखीच झाली. पहिल्याच रात्री जर्मनीने स्कॉटलंडला 5-1 हरवलं. तुर्कस्तान-जॉर्जिया सामना तर असा झाला की मध्यंतरालाही कोणी उठलं नाही. अर्दा ग्युलरचा लांबून मारलेला गोल पोरांनी दुसऱ्या दिवशी मैदानावर पन्नास वेळा मारून पाहिला. मग मोठ्या नावांचे सामने लागले आणि खेळ आटत गेला. इंग्लंड, डेन्मार्क, स्लोव्हेनिया, सर्बिया हा गट आठवा. सहा सामने, त्यातले पाच बरोबरीत, सहाही सामन्यांत मिळून सात गोल. शेवटच्या रात्री साडेबाराला या गटाचे दोन सामने एकाच वेळी होते आणि दोन्ही 0-0. आमचं ॲप टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट मागे चालतं, त्यामुळे शेजारच्या घरातून ओरडा आला की आम्हाला कळायचं, आता गोल येतोय. इंग्लंड-स्लोव्हेनियाच्या रात्री एकदाही ओरडा आला नाही. इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी सामन्यानंतर आपलेच प्रशिक्षक साऊथगेट यांच्या दिशेने प्लास्टिकचे पेले फेकले. त्या गटातून इंग्लंड पहिलं आलं.

त्या रात्री आमच्या उजव्या बॅकला खेळणाऱ्या मुलीने विचारलं, ‘‘सर, हे मांगं काहून खेळून राह्यले? समोर तर जागा हाय.’’ मी तिला बॉल ताब्यात ठेवण्याचं, घाई न करण्याचं सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते पटत नव्हतं. समोर जागा होती, तिने बरोबर पाहिलं होतं.

फ्रान्सचं तर मनाला फार लागलं, कारण एमबापेसाठी सगळी पोरं जीव टाकतात. ऑस्ट्रियाविरुद्ध प्रतिस्पर्ध्याचा स्वयंगोल. नेदरलँड्सविरुद्ध 0-0. पोलंडविरुद्ध पेनल्टी. बेल्जियमविरुद्ध पुन्हा स्वयंगोल. पोर्तुगालविरुद्ध 120 मिनिटं 0-0. म्हणजे पाच सामने खेळून, उपांत्य फेरी गाठून, चालू खेळात फ्रान्सच्या खेळाडूने मारलेला एकही गोल नाही. तो आला सहाव्या सामन्यात, कोलो मुआनीच्या डोक्याने, आणि त्याच सामन्यात ते स्पेनकडून हरले.

29 जूनची रात्र वेगळी होती. साडेनऊला स्वित्झर्लंड-इटली होता, पण त्या दिवशी बार्बाडोसला भारताचा टी-20 वर्ल्डकपचा अंतिम सामना. अख्खी गल्ली गच्चीवर आली, सत्तर-ऐंशी माणसं, पाऊस नव्हता हे नशीब. प्रोजेक्टरवर क्रिकेट आणि कोपऱ्यात एका फोनवर गतविजेती इटली 2-0 ने हरत होती. भारत जिंकला तेव्हा माझ्या फुटबॉलवाल्या पोरांनीही गच्ची डोक्यावर घेतली. मला त्या रात्री मनापासून आनंद झाला, आणि हेही जाणवलं की तीन आठवड्यांत या पडद्यासमोर पोरं इतकी पहिल्यांदाच ओरडली.

मग 5 जुलै. साडेनऊला स्पेन-जर्मनी, 119 व्या मिनिटाला स्पेनच्या मेरिनोचा हेडर, 2-1. हा सामना मी कोणालाही पुन्हा दाखवीन. त्याच रात्री साडेबाराला पोर्तुगाल-फ्रान्स. शाळा सुरू झाली होती, तरी आमचा डावा विंगर बापाला सांगून थांबला. रोनाल्डोचा सात नंबरचा टी-शर्ट तो धुवायलाही देत नाही. रोनाल्डो 39 वर्षांचा, ही त्याची सहावी युरो आणि या युरोत तोवर एकही गोल नाही. आधीच्या सामन्यात स्लोव्हेनियाचा गोलकीपर ओब्लाकने त्याची पेनल्टी अडवल्यावर तो मैदानातच रडला होता. 120 मिनिटं कोणीच गोल केला नाही. पेनल्ट्यांमध्ये फ्रान्स 5-3. पहाटे सव्वातीनच्या सुमारास पोरगा म्हणाला, ‘‘सर, हारला त हारला. पन खेळलेच नाही ना कोनी.’’ मी त्याला स्कूटरवरून घरी सोडलं. मला आजही हे वाक्य त्या महिन्याचं सगळ्यात खरं वाक्य वाटतं. पोरांना हरण्याची सवय आहे, आपल्या संघाबरोबर ती ते शिकलेच आहेत. न खेळण्याची नव्हती.

असं का झालं, यावर मी खूप विचार केला. 24 संघ, 36 गटसामने, आणि त्या 36 सामन्यांतून बाहेर किती संघ पडतात? आठ. सहा गटांतले चार तिसरे संघही पुढे जातात. स्लोव्हेनिया तीन सामने बरोबरीत सोडवून, एकही न जिंकता पुढे गेला. दुसऱ्या एका गटात चारही संघांचे चार-चार गुण झाले आणि युक्रेन चार गुण असून घरी. त्याच गटातल्या स्लोव्हाकिया-रोमानियाला शेवटच्या सामन्यात बरोबरी दोघांनाही पुरत होती, निकाल 1-1. मी कोणावर आरोप करत नाही, पण न हरणं एवढं फायद्याचं केलं तर जिंकायला कोण धावेल? 2016 च्या आधी 16 संघ होते, दोन पुढे, दोन घरी. तेव्हा पहिल्या सामन्यापासून घाम निघायचा.

दुसरं कारण पायांचं. ही माणसं वर्षाला साठ-साठ सामने खेळून तिथे आली होती. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू रोद्री अंतिम सामन्यात मध्यंतरालाच बाहेर गेला. सप्टेंबरमध्ये त्याने सांगितलं की खेळाडू संपाच्या जवळ आलेत, आणि काही दिवसांतच त्याचा गुडघा गेला. मी पोरांना सांगतो, दमलात तर थांबा. त्यांना थांबू देणारं कोणी दिसत नाही. मागच्या युरोत 51 सामन्यांत 142 गोल झाले होते, या वेळी तेवढ्याच सामन्यांत 117. तीन-तीन गोल करून सहा जण बरोबरीत सर्वाधिक गोल करणारे ठरले.

स्पेनबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. सातपैकी सात सामने जिंकले, आणि लामिन यमालने फ्रान्सला मारलेला गोल आम्ही त्याच रात्री अकरा वेळा मागे नेऊन पाहिला. तो तेव्हा सोळा वर्षांचा. माझ्या पोरांच्या वयाचा.

मला खरा धक्का जुलैअखेरीस बसला. पावसानंतरच्या चिखलात आमचा एक सराव सामना होता, आम्ही 1-0 ने पुढे, वीस मिनिटं बाकी. आमचा सेंटर बॅक बॉल गोलकीपरकडे मागे देत होता, पुन्हा मागे, पुन्हा मागे. मी बाहेरून ओरडलो. सामन्यानंतर तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, फ्रान्सबी असंच करते.’’ मीच त्याला दाखवलं होतं, गच्चीवर बसवून, शंभर इंची.

तेव्हापासून प्रोजेक्टरचा वापर बदलला, आणि त्याचा खरा उपयोग तेव्हापासूनच झाला. आता शाळेच्या गच्चीवरून फोनने आमचेच सामने रेकॉर्ड करतो. शनिवारी संध्याकाळी वर्गातल्या व्हाइटबोर्डवर चित्र पाडायचं, थांबवायचं आणि मार्करने त्यावरच रेषा काढायच्या: तू इथे होतास, जागा तिथे होती. बोर्डावर मधोमध दिव्याचा चकाकता डाग पडतो, म्हणून प्रोजेक्टर थोडा तिरका ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करावं लागतं. ज्या मुलीने जागा हाय म्हटलं होतं ती आता स्वतः मार्कर घेते. 31 डिसेंबरला संतोष ट्रॉफीचा, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना लावला, बंगाल-केरळ. भरपाई वेळेत बंगालच्या रॉबी हांसदाचा गोल, स्पर्धेतला त्याचा बारावा. वर्गातली बाकं सरकली एवढी उडी पोरांनी मारली.

आता दोष. ऑक्टोबरमध्ये चित्रात एक करडा डाग आला. आत धूळ गेली होती. लेन्सचा भाग बंदिस्त नसलेल्या स्वस्त मॉडेलांत हे होतंच, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ केवढी. दुरुस्ती केंद्राने 23 दिवस ठेवून घेतला, साफ करून दिला, पण दोन महिन्यांत डाग परत. बंदिस्त इंजिनचं मॉडेल मिळालं तर दोन-तीन हजार जास्त द्या. पंख्याचा आवाज पहिल्या महिन्यापेक्षा वाढलाय. स्पीकर वीस माणसांना पुरत नाही, वेगळा लागतो. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घरघर ऐकू येते आणि चित्रात पट्टे येतात. साइन वेव्हवर त्रास नाही. फिल्टर मी दर पंधरा दिवसांनी ब्रशने झाडतो. उजेड आठ महिन्यांत डोळ्यांना जाणवेल इतका कमी झालेला नाही.

यंत्राला पाचपैकी साडेतीन. युरोला मी दोन देतो, आणि ते दोन्ही स्पेनचे.

2026 च्या वर्ल्डकपबद्दल पोरं आत्ताच विचारतायत. 48 संघ, 104 सामने, त्यातले 72 गटसामने फक्त 16 संघ बाहेर काढण्यासाठी, आणि तिसरे संघ पुन्हा पुढे. सामने अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत, म्हणजे आपल्याकडे बरेचसे मध्यरात्रीनंतर आणि सकाळी. उजेडात हा प्रोजेक्टर चालणार नाही. आणि साडेपाच ते सातची मैदानाची वेळ त्यासाठी मोडणार नाही, हे मी पोरांना सांगून ठेवलंय.