मचूळ टँकसाठी रिफ्रॅक्टोमीटर: घ्या, पण शून्य जुळवूनच वापरा

मॉली, गप्पी हे मासे हळूहळू मचूळ (किंचित खाऱ्या) पाण्यात न्यायचे असतील, तर डोळ्याला लावून बघायचा ०–१०० पीपीटीचा (हजार भागांत मिठाचे किती भाग) साधा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं उपकरण, पुरतो. फक्त डब्यातून काढल्या काढल्या त्याच्या आकड्यावर विसंबू नका. प्रिझमवर (पुढच्या तिरप्या काचेवर) डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब टाका, झाकण अलगद मिटा, अर्धा मिनिट थांबा. निळ्या-पांढऱ्याची सीमा ० वर नसेल, तर रबरी टोपीखालचा स्क्रू किंचित फिरवा. सीमा धूसर दिसली, तर झाकणाखाली बुडबुडा अडकलाय असं समजा.

स्वस्त मॉडेलांची खरी खोट अशी की पट्टी बऱ्याचदा साध्या मिठाच्या पाण्यावर आखलेली असते. ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी त्यात दीडेक पीपीटी जास्त दिसतं. १० पीपीटीला हा फरक अर्ध्या पीपीटीहून कमी, म्हणजे मचूळ टँकला चालून जातो. समुद्री टँकवाल्यांनी मात्र ३५ च्या प्रमाणित द्रावणानेच जुळवावा.

एवढी काटेकोरी कशाला? माशाच्या रक्ताचा खारटपणा साधारण ९–१० पीपीटीच्या पाण्याइतका असतो. पाणी त्याहून गोडं असलं, की कल्ल्यांतून ते आत शिरत राहतं. मासा पाणी जवळजवळ पीत नाही आणि भरपूर पातळ लघवी करतो. पाणी जास्त खारं झालं, की सगळं उलटतं: अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून मासा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कल्ल्यांतल्या मीठ वाहणाऱ्या पेशींना हा बदल अंगवळणी पडायला काही दिवस लागतात. त्यात छोट्या माशाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, त्यामुळे तोल लवकर ढळतो.

म्हणून एक दिवसाआड २ पीपीटीच वाढवा. ४० लिटरला साधारण ८० ग्रॅम समुद्री मीठ बादलीत पूर्ण विरघळवून थोडं थोडं ओता. स्वयंपाकाचं मीठ नको. त्यात कॅल्शियम नसतं आणि कल्ल्यांची गळती आवरायला तेच लागतं. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं: १० पीपीटीच्या ४० लिटरमधलं ४ लिटर उडालं, की आकडा ११ वर. तूट गोड्या पाण्यानेच भरा.

काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर (पाण्यात काटा किती वर तरंगतो त्यावरून खारटपणा दाखवणारा) रिफ्रॅक्टोमीटरपुढे फिका. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जातो, आणि टँक दिसतो त्याहून गोडा असतो.

रिफ्रॅक्टोमीटर नळाखाली धरू नका, आत पाणी शिरतं. ओल्या मऊ कापडाने प्रिझम पुसा, नाहीतर सुकलेलं मीठ पुढच्या मोजणीत मिसळतं.