जुनी नोंद कोण बदलू शकतं? पोस्टग्रेस आणि बिटकॉइन

पोस्टग्रेससारख्या डेटाबेसची सुरक्षा परवानग्यांवर उभी असते: कोणी वाचायचं, कोणी बदलायचं, हे ग्रँट (परवानगी देणं) आणि रिव्होक (ती काढून घेणं) या आज्ञा ठरवतात. दुबळी जागा म्हणजे सुपरयूजर, ज्याला कुठलीच परवानगी आड येत नाही असा वापरकर्ता. तो रक्कम बदलेल आणि त्याच सर्व्हरवरचा ऑडिट लॉग, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंदही, पुसेल. म्हणून लॉग लगेच दुसऱ्या सर्व्हरवर पाठवावा आणि त्या सर्व्हरचा पासवर्ड वेगळ्याच माणसाकडे ठेवावा. हिशेब एकाच संस्थेचा असेल तर एवढं पुरतं. ब्लॉकचेनचा, म्हणजे बिटकॉइनसारख्या अनेकांनी मिळून जपलेल्या नोंदसाखळीचा, खटाटोप नको.

बिटकॉइनमध्ये व्यवहार ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत नोंदतात, आणि प्रत्येक ब्लॉकात आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. जुना आकडा बदलला की पुढचे सगळे हॅश चुकतात, आणि ते पुन्हा जुळवायला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त गणनशक्ती लागते. या सुरक्षेचं मोल वेळेत मोजायचं: ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, मोठ्या रकमेसाठी ६ ब्लॉक थांबतात, म्हणजे तासभर. छोट्या साखळीचं कवच पातळच. इथेरियम क्लासिक या अशाच एका साखळीवर २०१९ आणि २०२० मध्ये ५१ टक्क्यांचे हल्ले, म्हणजे निम्म्याहून जास्त गणनशक्ती हाती घेऊन केलेले हल्ले, झाले.

चूक झालीच तर? पोस्टग्रेसमध्ये बेस बॅकअप (डेटाबेसची पूर्ण प्रत) आणि त्यानंतरच्या वॉल फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंद) जपल्या असतील, तर चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत मागे जाता येतं. बिटकॉइनमध्ये चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत आणणारा ॲडमिन नाही. खासगी किल्ली, म्हणजे रक्कम खर्च करायला लागणारा गुप्त आकडा, हरवली तरी तीच गत.