रेकॉर्डवरची टकटक गेली, तेव्हा कळलं

आप्पांच्या २२ एलपी होत्या. आता त्यातल्या १९ उरल्यात आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी तीन आमच्या घरात आल्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांच्या कपाटात वडलांच्या, आज्ज्याच्या रेकॉर्डी आहेत, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

दिवाळीनंतर शहापुरातल्या आमच्या घरी ओळखीतून एक जण आला. रेकॉर्डी नेऊन 'रीमास्टर' करायच्या, पेनड्राइव्हवर द्यायच्या, एलपीमागे ४०० रुपये. "२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ करून देतो काका, खरखर म्हणून ऐकू येणार नाही बघा." आकड्यांना मी भुललो. आप्पा ८४ वर्षांचे, सुई ठेवताना हात थरथरतो. मोबाइलवर तरी ऐकतील, एवढंच माझ्या मनात होतं. ८,८०० रुपये दिले. पावतीवर त्यानं फक्त '२२ रेकॉर्ड' लिहिलं आणि मीही तेवढ्यावर गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी सगळं परत आलं. आप्पांनी पहिल्यांदा कुमार गंधर्व लावायला सांगितले. १९२४ साली इथंच सुळेभावीत जन्मलेला गवई. ती एलपी आप्पांनी १९७६ मध्ये कोल्हापुराहून आणलेली. फाइल लावली तर आवाज दणदणीत. पण मागं राहणारा तानपुरा गळ्याच्या बरोबरीनं पुढं आलेला, आणि हळू घेतलेली जागाही मोठ्या तानेएवढीच मोठी. आप्पा ऐकत राहिले, मग म्हणाले, "आपली टकटक कुठं गेली?"

त्या रेकॉर्डवर एक ओरखडा आहे. मी सहा वर्षांचा असताना खेळताना प्लेयरला धक्का दिला, तेव्हाचा. एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, म्हणून आडवा ओरखडा दर १.८ सेकंदांनी एकदा वाजतो. अंतरा सुरू झाला की सात वेळा टक्. घरात सगळ्यांना पाठ. फोन केला तर तो म्हणाला, "ते सगळं काढलोय की." पटण्यासारखं होतं, अशी टकटक खरंच काढता येते.

आप्पांना पटलं नाही. त्यांनी रेकॉर्डच लावायला लावली. कव्हर आमचंच, कोपऱ्यात आप्पांची सही. सुई टेकली आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चरचर, वरच्या सुरांना आवाज फाटलेला. अंतरा आला, गेला. टकटक नाही. फाइलमधली काढता येते हो, तबकडीवरचा ओरखडा कसा जाईल? आमच्या कव्हरात दुसऱ्याची झिजलेली तबकडी घातली होती. अशा तीन निघाल्या, आणि आमच्या गेलेल्या तिन्ही दुर्मिळ.

मग भाच्यानं त्या फाइली ऑडॅसिटीत उघडल्या. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर दाखवणाऱ्या चित्रात, सुमारे १६ हजार हर्ट्झच्या वर सगळं काळं, पट्टीनं कापल्यासारखं. रेकॉर्डवरून उतरवलं असतं तर सुईची खरखर त्याच्याही वर दिसली असती. अशी सरळ कापलेली रेघ कमी दर्जाच्या एमपीथ्रीत दिसते. म्हणजे नेटवरून एमपीथ्री उतरवून मोठ्या फाइलीत भरलेली. फाइल फुगवली म्हणून गेलेला आवाज परत येत नाही.

रीमास्टरला मी नावं ठेवत नाही. मूळ टेपवरून मन लावून केलेलं काम झिजलेल्या एलपीपेक्षा नक्कीच चांगलं वाजतं. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर सीडी एलपीपेक्षा जास्त पेलते. पण ते अंतरच दाबून सगळं एका पट्टीत मोठं केलं, तर पहिल्या मिनिटाला भारी वाटतं आणि दहाव्या मिनिटाला कान दुखतात.

तो माणूस आता "तुमचीच रेकॉर्ड आहे" म्हणतो. पोलिसांत अर्ज दिलाय, पण पुरावा काय दाखवणार?

तुम्ही देणार असाल तर आधी टॉर्च तिरपा धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ओरखडे दिसले पाहिजेत. लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर (तबकडी कुठल्या साच्यातली ते सांगणारा) आणि त्याच्या आसपासची बारीक अक्षरंही पावतीवर लिहून घ्या. एकच रेकॉर्ड आधी द्या, आणि जमलं तर समोर बसून उतरवून घ्या. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या असतील तर सुई कोणती लावणार ते विचारा. त्यांना एलपीपेक्षा जाड सुई लागते. आमच्याकडं एलपींशिवाय अशा चार होत्या, त्यानं त्यांच्याबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. तिथंच मला कळायला हवं होतं.

आणि अलीकडं या भागात कुणी कुमार गंधर्वांची जुनी एलपी विकत घेतली असेल, तर दुसऱ्या बाजूचा अंतरा नीट ऐका. सात वेळा टक् आलं तर कळवा. तुम्ही दिली असेल ती किंमत देऊन मी घेऊन जाईन.