साडेअठरा हजारांचा पंख

जुनी नाणी, पदकं, पलटणीचे बिल्ले जमवायचा नाद मला पंचवीस वर्षांपासून आहे. बेळगावात हा नाद लागायला फार कष्ट पडत नाहीत. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं, आणि आजूबाजूच्या गावांत कितीतरी घरं फौजींची. कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर ट्रंक असतेच.

तो माणूस मला खडेबाजारात चहाच्या गाड्यावर भेटला. पस्तिशीचा, बोलायला गोड. ‘काका, तुम्ही जुनं घेताय म्हणे.’ त्या दिवशी त्यानं मला काहीही विकलं नाही. उलट चहाचे पैसे त्यानंच दिले आणि मला बोलतं केलं. मी सांगून मोकळा झालो : महायुद्धात सांबऱ्याला धावपट्टी झाली, तेव्हा आमचे आजोबा तिथं खडी टाकायला होते; विमानांच्या गोष्टी सांगायचे; त्या दिवसांची एकही वस्तू आमच्या घरात उरली नाही. फसवणूक त्या चहातच झाली, पैसे नंतर गेले.

दोन आठवड्यांनी फोन आला. ‘काका, एक माल आलाय. सांबऱ्याचाच हाय. खरं दुसरं गिऱ्हाईकपण विचारूलंय.’

माल म्हणजे वैमानिकाचा कापडी बिल्ला. दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, मधे पानांचं कडं, कड्यात इंग्रजी अक्षरं ‘आर. आय. ए. एफ.’, म्हणजे रॉयल इंडियन एअर फोर्स, वर मुकुट. सोबत टंकलिखित दाखला : अमुक वैमानिक, सांबरा, १९४२. कागद पिवळा, घड्यांवर विरलेला. २५ हजारांपासून सुरू होऊन साडेअठरावर तुटलं. पाच हजार फोनवरून पाठवले, बाकी रोख. पावती मागायची मला लाज वाटली. मेलेल्या वैमानिकाच्या वस्तूची पावती काय मागायची, असं काहीतरी डोक्यात होतं.

पहिला सुरुंग भाचीनं लावला. बँकेत आहे, शिक्के बघायची सवय. म्हणाली, ‘मामा, ह्या शिक्क्यात इंग्रजीत बेळगावी कसं लिहिलंय?’ मी कागद हातात घेतला आणि तोंडाला कोरड पडली. सरकारी इंग्रजीतलं ‘बेलगाम’ जाऊन ‘बेळगावी’ आलं ते १ नोव्हेंबर २०१४ला. त्या नावावरून आमच्या कट्ट्यावर किती संध्याकाळी भांडणात गेल्या, त्यात माझाच आवाज मोठा असायचा. आणि १९४२च्या कागदावर तेच नाव माझ्या नजरेतून सुटलं.

मग मी बिल्ला पहिल्यांदा नीट पाहिला. आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२चं. पण नावामागे ‘रॉयल’ लागलं ते १२ मार्च १९४५ला, आणि २६ जानेवारी १९५०ला गेलं. म्हणजे कड्यातला ‘आर’ ह्या पाचेक वर्षांतलाच असू शकतो. १९४२चा नाहीच. इथवर एखादा म्हणेल, दाखला खोटा, बिल्ला खरा असेल. मलाही तीच आशा होती. ती मुकुटानं मोडली. १९०१पासून सहाव्या जॉर्जपर्यंत ब्रिटिश बिल्ल्यांवर जो मुकुट आहे, त्याच्या कमानी घुमटासारख्या वर फुगलेल्या असतात. राणी एलिझाबेथच्या काळातल्या, १९५३पासूनच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. माझ्या बिल्ल्यावर दबलेल्या होत्या. ‘रॉयल’ गेलं १९५०ला, आपल्या बिल्ल्यांवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले, आणि हा मुकुट त्यानंतरचा. ही अक्षरं आणि हा मुकुट एका बिल्ल्यावर कधी असूच शकत नाहीत. ज्यानं बनवला त्यानं बहुधा नंतरच्या इंग्रजी बिल्ल्याचा फोटो समोर ठेवून अक्षरं तेवढी बदलली.

उरलेलं काम दहा मिनिटांचं. दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो, त्याखाली धरला तर पांढरा दोरा ट्यूबलाइटसारखा चमकला. दोऱ्याला अशी चमक आणणारी रसायनं महायुद्धानंतर सर्रास आली. (एवढ्यावरच निकाल देऊ नका, जुनं कापड आजच्या पावडरीत धुतलं तरी चमकतं.) मागची एक दशी काढून काडी लावली. सुती दोऱ्याची राख होते, ही वितळून काळा मणी झाली. कॅम्पातल्या एका जुन्या टेलरनं बिल्ला उलटा केला आणि हसलाच. ‘कॉम्प्युटरची शिलाई आहे हो. हातानं भरलेलं असतं तर मागं गाठी दिसल्या असत्या. नाटकवाल्यांना आम्हीपण असले करून देतो, दोन-तीनशेला.’

बिल्ला विकणाऱ्याकडे चांदीचा म्हणून आणखी एक पंख होता, मागे पिन असलेला. नशीब, तो घेतला नाही. त्या वेळच्या ब्रिटिश पद्धतीत गणवेशावरचे पंख कापडी, शिवलेले असत. पिनेचे धातूचे छोटे पंख बहुतेक वैमानिकांच्या बायका, प्रेयसी साडीवर नाहीतर कोटावर लावायच्या. अमेरिकन पंखांचं वेगळं, ते बहुतेक धातूचे असतात. पण त्यांच्यावरही ‘स्टर्लिंग’ शब्द वाचून भुलू नका, सराफाकडे कसोटीवर घासून बघा. शब्द कोरायला काय, पितळेवर चांदीचं पाणी चढवूनही कोरता येतो.

त्याचा फोन बंद. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न पावतीचा. पाच हजारांचा व्यवहार मोबाइलमध्ये दिसतो, त्यासाठी सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली. पण मी गेलो महिन्यानं, आणि तिथं काय ते पहिल्या काही तासांतच होतं. साडेतेरा हजार रोख दिल्याचा पुरावा माझ्याकडे शून्य.

गेल्या महिन्यात निपाणीच्या एका स्नेह्यांचा फोन आला. वैमानिकाचा बिल्ला मिळतोय, घेऊ का? दाखला कुठला, विचारलं. म्हणाले, ‘कोल्हापूरचा. आमचे मामा तिथंच होते की युद्धात.’ मी विचारलं, ‘हे मामांचं त्याला आधी कुणी सांगितलं?’ पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.